कुत्र्यांना भिणारा चंगीज खान

पहिला दिवस : उलानबातर

विमानतळावर डॉलर मोडले आणि हातात चंगीज खानांची गड्डी आली. ५०० तुग्रुगपासून २०,००० तुग्रुगपर्यंत सगळ्या मोठ्या नोटांवर तोच. लहान नोटा सुखबातर या विसाव्या शतकातल्या क्रांतिवीराच्या वाट्याला. विमानतळही चंगीजच्याच नावाचा. २०२१ साली सुरू झालेला हा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर आहे, चहूकडे नुसतं गवत. दुकानात त्याच्या नावाची व्होडका होती, तीही चांगल्या खपाची दिसली.

दिल्ली-सोल-उलानबातर असा द्राविडी प्राणायाम करून आम्ही दोघं बहीणभाऊ इथे पोचलो ते दादाच्या हट्टापायी. दादा इतिहासाचा मास्तर, आता निवृत्त. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात चंगीज खान एका वाक्यापुरता येतो. १२२१ साली मध्य आशियातल्या ख्वारज्मच्या शाहजादा जलालुद्दीनचा पाठलाग करत तो सिंधूपर्यंत आला, दिल्लीच्या सुलतान इल्तुतमिशने जलालुद्दीनला आसरा दिला नाही आणि दिल्लीवरचं संकट टळलं. ते वाक्य वर्षानुवर्षं शिकवून दादा कंटाळला होता. "सिंधूपर्यंत आला म्हणजे कुठून आला, ते तरी बघू," असं त्याचं म्हणणं.

हॉटेलकडे जाताना वाहतुकीत इतके अडकलो की नोटेवरचा चेहरा निरखायला भरपूर वेळ मिळाला. पांढुरकी दाढी, कानामागे वेण्या, समजूतदार म्हाताऱ्याचा चेहरा. हे चित्र तो गेल्यानंतर काही दशकांनी, नातू कुबलाईच्या काळात काढलेलं. मूळ चित्र आज तैपेईच्या संग्रहालयात आहे. जिवंतपणी काढलेलं एकही चित्र नाही. थडगं सापडलेलं नाही. निम्मा आशिया ज्याने हादरवला त्याचं इतकं कमी उरलंय. हा भाग मला दादाच्या सिंधूपेक्षा जास्त ओढ लावणारा वाटत होता.

आणखी एक गंमत. गाड्या इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, पण निम्म्याअधिक गाड्या जपानहून आलेल्या वापरलेल्या, त्यामुळे स्टिअरिंगही उजवीकडेच. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं काहीच दिसत नाही. शेजारी बसलेला दादा "चल, चल, मोकळा आहे" असं मराठीतून सांगत होता आणि ड्रायव्हर ते ऐकत होता.

दुसरा दिवस : चौक आणि संग्रहालय

शहराच्या मधल्या चौकाचं नाव २०१३ साली बदलून चिंगिस चौक केलं होतं, २०१६ साली ते पुन्हा सुखबातर चौक झालं. मधोमध सुखबातर घोड्यावर, आणि उत्तरेला संसद भवनाच्या पायऱ्यांवर चंगीज खान ऐसपैस सिंहासनावर. दोन टोकांना मुलगा ओगदेई आणि नातू कुबलाई. मंगोल राज्याला ८०० वर्षं झाली तेव्हा, २००६ साली, हे सगळं उभं राहिलं. त्याच जागी २००५ पर्यंत सुखबातर आणि चोईबाल्सान या दोन कम्युनिस्ट नेत्यांची समाधी होती. ती हलवली आणि तिथे याला बसवला.

चोईबाल्सान म्हणजे मंगोलियाचा स्टालिन. १९३७ ते १९३९ या काळात त्याच्या राजवटीत तीस हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात निम्म्याहून जास्त लामा. चंगीज खानाचं नाव घेणं हा त्यानंतर बराच काळ संशयाचा विषय होता. मॉस्कोच्या लेखी तो रशियाला दोन-अडीचशे वर्षं दास्यात ठेवणाऱ्यांचा मूळ पुरुष. गाईड सांगत होती, की तिच्या आजीने त्याचं नाव कधी मोठ्याने उच्चारलं नाही. गाईड तिशीतली, इंग्रजी झकास. तिचा भाऊ लामा आहे आणि कर्नाटकात मुंडगोडच्या तिबेटी मठात शिकला. हुबळीच्या बसस्टँडबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

चंगीज खान राष्ट्रीय संग्रहालय २०२२ साली उघडलं. जुनं निसर्गविज्ञान संग्रहालय पाडून त्या जागी ही टोलेजंग इमारत बांधली. पाय दुखेपर्यंत फिरलो. सगळं सांगत बसत नाही, पण एक गोष्ट इथे नीट उमगली. चंगीजचं खरं कर्तृत्व तलवारीपेक्षा मोजणीत आहे. दहाची तुकडी, दहा दहांचे शंभर, मग हजार, मग दहा हजार. हे दशमान गवताळ प्रदेशात आधीपासून होतं. त्याने जिंकलेल्या टोळ्या मुद्दाम फोडून वेगवेगळ्या हजारांत वाटून टाकल्या. माणूस कोणत्या कुळातला यापेक्षा कोणत्या हजारातला हे महत्त्वाचं झालं. मंगोलांना लिपी नव्हती. १२०४ साली नैमान टोळीचा पराभव केला तेव्हा त्यांचा उइगुर मुद्राधारक हाती लागला, त्याच्याकडून त्याने आपल्या मुलांना अक्षरं शिकवून घेतली. ती उभी लिपी पुढे टिकली.

गाईडच्या तोंडी कायदा, टपालाच्या चौक्या, व्यापाराचे सुरक्षित रस्ते, सर्व धर्मांना मोकळीक हे सगळं ओघाने येत होतं. त्याच्या सैन्याने कत्तल केलेली मर्व आणि निशापूर ही शहरं येत नव्हती. दादा गप्प होता. मास्तरकीची सवय, तो तास संपायची वाट बघतो.

तिसरा दिवस : पोलादी घोडा, दगडी खांब

शहराच्या पूर्वेला ५४ किलोमीटरवर त्सोंजिन बोल्दोग. घोड्यावर बसलेला चंगीज, ४० मीटर उंच, २५० टन स्टेनलेस स्टील. खाली १० मीटरचा गोल चौथरा, त्याला ३६ खांब, ३६ खानांसाठी एकेक. २००८ साली पुरा झाला. सरकारने नव्हे, एका खासगी पर्यटन कंपनीने बांधला. तिचा संस्थापक बात्तुल्गा, एके काळचा कुस्तीगीर, पुढे २०१७ साली देशाचा अध्यक्ष झाला. इथे तरुण तेमुजिनला सोन्याची चाबकाची मूठ सापडली अशी दंतकथा आहे, म्हणून ही जागा. तेमुजिन हे त्याचं मूळ नाव.

लिफ्टने वर जायचं, मग घोड्याच्या छातीतून, मानेतून जिना चढायचा आणि घोड्याच्या डोक्यावर बाहेर यायचं. मागे वळलं की त्याचा अगडबंब चेहरा आपल्याकडे रोखून बघतोय. नजर खरं तर पूर्वेला, जन्मस्थळाकडे. मला हे असले पुतळे सहसा झेपत नाहीत. पण खरं सांगते, त्या सपाट पिवळ्या माळावर लांबून चकाकताना तो देखणा दिसतो. तळमजल्यावर एक दुमजली घराएवढा चामडी बूट ठेवलाय, तो कशासाठी हे कळलं नाही. बाहेर गरुड हातावर देऊन फोटो काढून देणारे बसले होते. गरुडाचं तोंड बघून मी नको म्हटलं.

तिथून पुढे खेर्लेन नदीच्या अंगाने खोदो आरालला गेलो. रस्ता मध्येच संपतो आणि मग माळावर चाकांच्या सात-आठ समांतर वाटा. ड्रायव्हर मनाला येईल ती धरतो. सप्टेंबर लागला होता, गवताचा रंग उतरलेला, गारवा छान. खोदो आराल म्हणजे नदीकाठचं विस्तीर्ण कुरण. जवळच आवरागा, चंगीजच्या मुख्य तळाची जागा. जपानी-मंगोल पथकाने तिथे केलेल्या उत्खननात इमारतीचे अवशेष निघाले, ते २००४ साली जाहीर झाले. पाहणाऱ्याला दिसतं ते कुंपण आणि किंचित वर आलेली जमीन. दादा फिरून आला आणि म्हणाला, "संपलं?"

पण मला ज्यासाठी यायचं होतं ते इथेच. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' हा मंगोल भाषेतला सर्वांत जुना ग्रंथ याच कुरणात लिहून पुरा झाला, असं त्याच्या शेवटच्या ओळीत म्हटलंय. साल उंदराचं. ते १२२८ की १२४० यावर विद्वान भांडतात. मंगोलियाने १२४० धरून १९९० साली साडेसातशे वर्षांचा सोहळा केला आणि इथे एक स्मारकस्तंभ उभारला. मूळ पोथी गेली. चिनी दरबारात दुभाषे तयार करण्यासाठी मंगोल उच्चार चिनी अक्षरांत उतरवून ठेवले होते, त्या नकलेमुळे ग्रंथ वाचला. एकोणिसाव्या शतकात बीजिंगमधल्या एका रशियन पाद्र्याने तो बाहेरच्या जगापुढे आणला.

या ग्रंथाची खुबी अशी, की राजघराण्यासाठी लिहूनही तो राजाची लाज झाकत नाही. बाप येसुगेई नऊ वर्षांच्या तेमुजिनला भावी सासऱ्याकडे सोडतो तेव्हा सांगतो, की माझा पोरगा कुत्र्यांना भितो, त्याला कुत्र्यांपासून जपा. पुढे बापाला तातारांनी विष घातलं, टोळीने विधवेला आणि पोरांना माळावर टाकून दिलं, आई होएलुनने कंदमुळं खणून पोरं जगवली. आणि मग एका मासळीवरून, एका चंडोलावरून झालेल्या भांडणात तेमुजिन आणि सख्ख्या भावाने सावत्र भाऊ बेख्तेरला बाण मारून ठार केलं. आईने त्यांना जे शिव्याशाप दिले ते ग्रंथात ओळीच्या ओळी आहेत. चाळीस मीटरच्या पोलादात यातलं काही मावत नाही.

चौथा दिवस : दादलच्या वाटेवर

खेंती प्रांताच्या मुख्य शहराचं नाव उंदुरखान होतं, २०१३ पासून ते 'चिंगिस'. त्याच वर्षी राजधानीतल्या चौकाचंही नाव बदललं होतं. चौकाचं परत फिरलं, याचं टिकलं. १९७१ साली माओचा वारसदार लिन ब्याओ पळून जात असताना त्याचं विमान जिथे कोसळलं, ती जागा या शहराजवळच. दादाला ते ठाऊक होतं आणि त्याने ते सगळ्यांना सांगितलं. इथे जेवलो. खूशूर, म्हणजे मटण भरून तळलेली पुरी. दादाने भरपूर हाणली. मी बटाटा-गाजराच्या नूडल्स मागवल्या, त्यातही मटण निघालं. मग घरची शेंगदाण्याची चटणी काढली, ती गाईडने अर्धी संपवली.

उत्तरेला कच्चा रस्ता. दुपारी एका गेरपाशी थांबलो. गेर म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, दार दक्षिणेला. गाडीचा आवाज ऐकून दोन केसाळ धिप्पाड कुत्री अशी धावून आली की मी दार ओढून घेतलं. गाईड काच खाली करून ओरडली, "नोखोइ खोर!" कुत्रा धरा! इथे कुणाच्याही दारी गेलं की नमस्काराच्या आधी हे. तेमुजिनला त्या सासुरवाडीच्या दारी काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी नीट समजलं. ती कुत्री बघून कुणीही भ्यायला हवं, त्यात कमीपणा कसला.

आत मिठाचा दुधाचा चहा, दगडासारखी वाळवलेली आंबट आरूल, आणि चामडी पिशवीतला आइराग, घोडीचं आंबवलेलं दूध. चव आंबट ताकात बिअर ओतावी तशी. दादाने वाडगा रिकामा केला आणि दुसरा पुढे केला. घरधन्याने विचारलं, भारतातून आलात, तर मग बकुला रिनपोछे तुमचेच ना? लडाखचे बकुला रिनपोछे १९९० ते २००० भारताचे राजदूत होते इथे. कम्युनिस्ट राजवट कोसळत असताना त्यांनी मठ पुन्हा उघडायला मदत केली. मुंबई-पुण्यात किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल कोण जाणे, इथे माळावरच्या म्हाताऱ्याला माहीत होतं. त्यांच्या नावावर आम्हाला तिसरा वाडगा मिळाला.

पाचवा दिवस : दादल

रात्री उशिरा पोचलो, त्यामुळे गाव दिसलं ते सकाळी. देखावा एकदम बदललेला. माळ संपून लार्च आणि पाइनचं जंगल, गेर थोडे आणि लाकडी ओंडक्यांची घरं जास्त. इथे बुर्यात लोकांची वस्ती, रशियाची हद्द जवळ. ओनोन आणि बाल्ज या नद्यांचा हा भाग. देलुन बोल्दोग नावाची टेकडी इथली. तिथे ११६२ च्या सुमारास चंगीज जन्मला, उजव्या मुठीत रक्ताची गुठळी घेऊन, असं गुप्त इतिहास सांगतो. टेकडीवर शिळा आहे, निळ्या रेशमी खाता, म्हणजे पूजेची उपरणी, बांधलेल्या आहेत, ओवो, म्हणजे दगडांचा पूजेचा ढीग आहे. हद्दीपलीकडचे रशियातले बुर्यातही त्यांच्याकडची एक टेकडी हीच देलुन बोल्दोग म्हणून दाखवतात. गाईडसमोर मी तो विषय काढला नाही.

तीन तळ्यांजवळ एक पांढरं स्मारक आहे, त्यावर कोरलेला चंगीज. याची गोष्ट मला सबंध प्रवासात सर्वांत जास्त भिडली. १९६२ साली जन्माची ८०० वर्षं म्हणून हे बांधलं, टपाल तिकिटंही छापली. मॉस्कोचा राग ओढवला. सोहळ्याला पाठबळ देणारे पॉलिट ब्यूरोचे सदस्य तोमोर-ओचिर यांना पदावरून हाकललं, राजधानीतून बाहेर घालवलं. १९८५ साली त्यांचा खून झाला, तो कुणी केला हे उलगडलं नाही. माणूस गेला, पण स्मारक राहिलं. पाडायला एवढ्या लांब कोण येणार, असं गाईडचं मत. मला तो खुलासा पटला नाही. कदाचित पाडायची हिंमत स्थानिक कुणाला झाली नसेल. आज त्याच चंगीजचा जन्मदिवस नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे, २०१२ पासून.

संध्याकाळी दादा म्हणाला, "गुप्त इतिहास लिहिणाऱ्यांना त्याची भीती नव्हती. नंतर आलेल्या सगळ्यांना आहे. एकांना त्याचं नाव नको, दुसऱ्यांना त्याचे दोष नको." निवृत्त झाल्यापासून दादा अधूनमधून असं काही बोलतो.

सहावा दिवस : न चढलेला डोंगर

परतीच्या वाटेवर बिंदेर, मग खोख नूर. काळ्या सुळक्याखालचं निळं तळं. ११८९ साली तेमुजिनला इथे आपल्या लोकांनी खान केलं असं मानतात. छान जागा आहे, तासभर बसलो. सगळ्या मंगोलांचा खान तो झाला १२०६ साली, ओनोनच्या उगमापाशी भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे टोळ्यांच्या महासभेत.

मला खरं जायचं होतं बुरखान खाल्दुनला. खेंतीच्या डोंगररांगेतला पवित्र पर्वत, २०१५ पासून जागतिक वारसा. चंगीजचं थडगं याच परिसरात असावं, असं बहुतेकांचं अनुमान. १२२७ साली चीनच्या वायव्येकडच्या तांगुतांवरच्या मोहिमेत असताना तो मेला, प्रेत इकडे आणून पुरलं, वरून घोडे फिरवून जमीन सारखी केली, वाटेत दिसेल त्याला मारलं अशा कथा आहेत. त्यातलं किती खरं हे कोण सांगणार. पुढे तो सगळा मुलूख निषिद्ध ठेवला गेला. जपानी आले, अमेरिकन आले, हाती काही लागलं नाही, आणि मंगोल लोकांना ते लागायला नकोच आहे. मजा अशी, की त्याच्या वंशातल्या एकाचं थडगं आपल्या घराजवळ आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. बाबरची आई चंगीजच्या मुलाच्या, चगताईच्या वंशातली. त्या हिशेबाने खुलताबादला उघड्या आभाळाखाली पुरलेला औरंगजेब याचाच दूरचा नातलग. हे सांगितल्यावर गाईड म्हणाली, "मग तुम्ही पाहुणे नाही, शेजारी."

डोंगरावर मात्र बायकांनी चढायचं नाही, परंपरा आहे. दादा जाऊ शकला असता, मी आणि गाईड नाही. दादा एकटा जायला तयार नव्हता. तेव्हा आम्ही गाडीतच तो डोंगर चढलो, म्हणजे गोष्ट सांगून.

गोष्ट अशी. पहाटे मेर्कित टोळीने छापा घातला. तेमुजिनच्या आईला त्याच्या बापाने त्यांच्याकडून पळवून आणलं होतं, त्याचा हा सूड. घरच्या म्हाताऱ्या दासीने, खोआग्चिनने, जमिनीचा हादरा ओळखून सगळ्यांना उठवलं. सगळे घोड्यांवर चढले. तेमुजिनला घोडा, भावांना घोडे, दोन साथीदारांना घोडे, आई होएलुनला घोडा, आणि एक घोडा बदलीला म्हणून मोकळा बरोबर. तेमुजिनची नवी नवरी बोर्ते हिला मात्र घोडा उरला नाही. हे शत्रूने लिहिलेलं नाही, गुप्त इतिहासातच आहे. पुरुष बुरखान खाल्दुनवर लपले. म्हातारीने बोर्तेला बैलगाडीत कोंबून न्यायचा प्रयत्न केला, आस मोडला, बोर्ते सापडली. मेर्कित निघून गेल्यावर तेमुजिन डोंगर उतरला, पट्टा गळ्यात टाकला, टोपी हातात घेतली, छाती बडवून सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा गुडघे टेकले. म्हणाला, मी फार भ्यालो होतो, या डोंगराने माझा उवेएवढा जीव वाचवला, मी आणि माझी नातवंडं-पतवंडं याला रोज पुजू.

म्हणजे डोंगर पवित्र झाला तो एका बाईला खाली सोडून. आणि आज बाईने त्यावर जायचं नाही. मी हे जरा चढ्या आवाजात बोलले. गाईड बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण त्याने तिला परत आणलं." ते खरंय. वडिलांचा मानलेला भाऊ तोघरुल आणि लहानपणचा मित्र जामुखा यांचं सैन्य जमवून त्याने मेर्कितांवर चाल केली. रात्रीच्या पळापळीत तो तिचं नाव घेत हाका मारत होता, तिने गाडीतून उडी टाकली आणि चांदण्यात त्याच्या घोड्याचा लगाम ओळखून धरला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली पहिली मोहीम ही, आणि राज्यासाठी नव्हती.

थोड्याच काळात जोची जन्मला. बाप कोण, हा प्रश्न कधी मिटला नाही. चंगीजने त्याला थोरला मुलगाच मानलं. पण वारस ठरवायच्या बैठकीत दुसरा मुलगा चगताई भर सभेत म्हणाला, या मेर्किताच्या पोराच्या हुकमाखाली आम्ही राहायचं? दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. तेव्हा एका वडीलधाऱ्याने त्यांना आईचे हाल ऐकवले आणि तिची काय चूक होती ते विचारलं. शेवटी तडजोड म्हणून तिसरा मुलगा ओगदेई वारस झाला. जोचीच्या मुलाने, बातूने, पुढे रशिया पायाखाली घातला. एका घोड्याच्या कमतरतेचे परिणाम व्होल्गापर्यंत गेले.

आणि बोर्ते? जामुखापासून वेगळं व्हायचा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तेमुजिनने आईला सल्ला विचारला. आईने तोंड उघडण्याआधी बोर्ते म्हणाली, रातोरात निघू. निघाले. मंगोल राज्याची सुरुवात मी तरी त्या रात्रीपासून धरेन.

सातवा दिवस

उलानबातर. कपडे धुतले, झोपले. दुपारी बकुला रिनपोछेंनी बांधलेला पेथुब मठ पाहून आलो. दादाला तिसऱ्या वाडग्याचं ऋण फेडायचं होतं.

आठवा दिवस : खारखोरिन

पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, डांबरी रस्ता, आरामात गेलो. हे जुनं काराकोरम, ओगदेईने १२३५ साली तट बांधून वसवलेली राजधानी. चंगीजने जागा निवडली म्हणतात, पण त्याने स्वतः शहर कधी बांधलं नाही. आज दिसतो तो एर्देने झू मठ, १५८५-८६ चा, स्तूपांच्या पांढऱ्या तटाचा. राजधानीचे दगड मोडून बांधलेला. शहर चीनच्या मिंग सैन्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं होतं. शिल्लक काय, तर गवतात बसलेलं दगडी कासव.

कासवाजवळच्या इमारतीला अनेक वर्षं ओगदेईचा राजवाडा म्हणत. रशियन उत्खननात १९४८-४९ साली ती सापडली होती. नंतर जर्मन-मंगोल पथकाने खणलं तेव्हा ते बौद्ध मंदिर निघालं. राजवाडा बहुधा मठाच्याच खाली. म्हणजे तोही गेला.

गावातलं संग्रहालय छोटं आणि फार चांगलं आहे, राजधानीतल्यापेक्षा मला जास्त आवडलं. शहराची प्रतिकृती मांडलीय. १२५४ साली इथे आलेला फ्लेमिश साधू विल्यम रुब्रुक लिहितो, बारा देवळं, दोन मशिदी, एक चर्च. पॅरिसच्या एका सोनाराने खानासाठी चांदीचं झाड केलं होतं, त्याच्या नळ्यांतून चार तऱ्हेची पेयं वाहत, त्यात आइरागही. वरचा देवदूत कर्णा वाजवी तो खाली लपवलेला माणूस फुंके म्हणून. चंगीजचा नातू मोंगके खान, त्याने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्धांना समोरासमोर बसवून वाद घालायला लावला. निकाल काही लागला नाही, शेवटी सगळे भरपूर प्यायले. दादाला हा प्रसंग इतका आवडला की त्याने तो मला गेरमध्ये झोपताना पुन्हा सांगितला.

नववा दिवस : परत, आणि भांडण

आज दादाचा तास सुरू झाला. गाडी सुटल्या सुटल्या त्याने विचारलं, "मर्वचं काय?"

गाईड तयार होती. तिने ओत्रार काढलं. १२१८ साली चंगीजने ख्वारज्मच्या शाहकडे साडेचारशेच्या आसपास व्यापाऱ्यांचा तांडा पाठवला, ओत्रारच्या सुभेदाराने त्यांना हेर ठरवून ठार केलं. चंगीजने दाद मागायला वकील पाठवले, शाहने एकाला मारलं आणि बाकीच्यांच्या दाढ्या उतरवून परत धाडलं. "वकिलाला मारल्यावर कोणता राजा गप्प बसेल?"

"शाहला धर की मग," दादा म्हणाला. "निशापूरच्या विणकराने कुणाच्या दाढीला हात लावला होता?" आणि मग तो थांबेना. १२२० साली बुखारा आणि समरकंद. बुखाऱ्याहून पळालेल्या माणसाचं वाक्य फारसी इतिहासकार जुवैनीने नोंदवलंय: आले, खणलं, जाळलं, मारलं, लुटलं, निघून गेले. १२२१ साली मर्व. इतिहासकारांनी लाखांचे आकडे दिलेत, ते फुगवलेले असणार, पण जगातल्या मोठ्या शहरांतलं एक शहर पुन्हा कधी पहिल्यासारखं उभं राहिलं नाही, हे फुगवलेलं नाही. निशापूरला चंगीजचा जावई बाणाने मेला, म्हणून शहरातली कुत्री-मांजरंसुद्धा जिवंत सोडली नाहीत, असं जुवैनी लिहितो.

"जुवैनी तर मंगोलांच्याच नोकरीत होता," गाईड म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. धन्याच्या तोंडावर लिहिलंय त्याने."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, ज्यांची गावं जळली त्यांनी त्याला राक्षस म्हणावं आणि ज्यांना त्याच्यामुळे देश मिळाला त्यांनी आजोबा म्हणावं, हे मला कळतं. आज चीन आणि रशियाच्या मध्ये पस्तीस लाख लोकांचा देश स्वतःच्या नावाने उभा आहे आणि तुमच्यातला निम्मा माणूस एकाच शहरात राहतो, तर तुम्हाला कुणीतरी मोठा लागणारच. पण मला तुमचा पुतळ्यातला नको, पुस्तकातला पाहिजे. बेख्तेरला मारणारा, बोर्तेला घोडा न देणारा. त्याला मी ओळखू शकते, आणि मर्वही त्यानेच केलं हे मग जास्त भयंकर वाटतं.

"पुस्तकातला आमचाच आहे," ती म्हणाली, जरा फणकाऱ्याने. "आम्हीच लिहिलाय."

यावर दादाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. लुन गावाच्या ढाब्यावर चहाला थांबलो. गाईडने माझ्यासाठी बिनमटणाचं काही आहे का ते आत जाऊन विचारलं, नव्हतं. दादाने तोवर फोनवर ओत्रारचा नकाशा उघडला होता. कझाकस्तानात, तुर्किस्तान शहराच्या दक्षिणेला, नुसते मातीचे ढिगारे. भारतीयांना तिथे चौदा दिवस व्हिसा लागत नाही, हेही त्याने शोधून ठेवलं होतं. गाईडने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, तिने ते अजून पाहिलेलं नाही, सुट्टी मिळाली तर तीही येईल, पण गाडीत पुढच्या सीटवर दादा नको.